संभाव्य विजेत्यांचा शिक्षक

३० जुलै १९७६ रोजी मॉन्ट्रिअलमध्ये ऑलिंपिक हॉकीचा अंतिम सामना झाला. सुवर्णपदकासाठी ऑस्ट्रेलियाचे नाव घेणारे तेव्हा पुष्कळ होते. साखळीत या संघाने भारताला ६-१ असे झोडपले होते. मग उपांत्य फेरीतल्या जागेसाठी झालेल्या जादा सामन्यात पेनल्टी स्ट्रोकवर भारतालाच मागे टाकले होते आणि उपांत्य सामन्यात पाकिस्तानला २-१ ने नमवले होते. अंतिम सामन्यात समोर होते न्यूझीलंड. पदकाच्या हिशेबात त्या संघाला कुणी धरलेच नव्हते. टोनी इनेसनने पेनल्टी कॉर्नरवर गोल केला, न्यूझीलंडने ती एका गोलाची आघाडी अखेरपर्यंत जपली आणि सुवर्ण नेले. हरलेल्या संघात पर्थचा, वैद्यकशास्त्र शिकलेला, २४ वर्षांचा एक खेळाडू होता. त्याचे नाव रिक चार्ल्सवर्थ.

चार्ल्सवर्थ यांच्या गळ्यात पडलेले ते एकमेव ऑलिंपिक पदक. १९७२ मध्ये म्युनिकला ते विशीत खेळले. १९८० मध्ये मॉस्कोला जाणाऱ्या संघाचे ते नियोजित कर्णधार होते, पण अफगाणिस्तानच्या प्रश्नावरून ऑस्ट्रेलियाच्या हॉकी संघाने बहिष्कार टाकला. १९८४ मध्ये लॉस एंजेलिसला संघ पुन्हा सुवर्णाचा दावेदार म्हणून उतरला. उपांत्य सामन्यात पाकिस्तानने १-० ने हरवले आणि कांस्यपदकही ग्रेट ब्रिटनने नेले. १९८८ मध्ये सोलला उपांत्य सामन्यात ग्रेट ब्रिटनकडून ३-२ अशी हार पत्करावी लागली, पुन्हा चौथा क्रमांक. २२७ आंतरराष्ट्रीय सामने आणि जगातल्या सर्वोत्तम खेळाडूंत गणना एवढे सारे असूनही ऑलिंपिक सुवर्ण नाहीच. महाराष्ट्रातल्या वाचकाला हे दुःख परके नाही. पुण्याजवळच्या खडकीतून आलेला धनराज पिल्ले चार ऑलिंपिक खेळला आणि एकाही पदकाविना निवृत्त झाला.

याच चार्ल्सवर्थ यांनी १९९३ ते २००० या काळात ऑस्ट्रेलियाच्या महिला संघाला दोन ऑलिंपिक सुवर्णपदके, दोन विश्वचषक, चार चॅम्पियन्स ट्रॉफी आणि एक राष्ट्रकुल सुवर्णपदक मिळवून दिले. त्या काळातले एकही ऑलिंपिक सुवर्ण किंवा विश्वचषक दुसऱ्या संघाच्या हाती लागला नाही. पुढे पुरुष संघालाही त्यांनी लागोपाठ दोन विश्वचषक जिंकून दिले.

उत्तम खेळाडू उत्तम प्रशिक्षक होतोच असे नाही, हे खेळांच्या इतिहासात वारंवार दिसते. ज्याला सगळे सहज जमले, त्याला ते न जमणाऱ्याची अडचण कळत नाही. चार्ल्सवर्थ यांची गोष्ट वेगळी आहे, कारण त्यांना जे जमले नव्हते त्याचाच त्यांनी अभ्यास केला. दुबळा संघ बलाढ्य संघाला कसा हरवतो, यावर प्रशिक्षक खूप बोलतात. बलाढ्य संघ स्वतःच्याच ओझ्याखाली कसा वाकतो, संभाव्य विजेता म्हणून मैदानात उतरलेल्या खेळाडूचे पाय ऐन वेळी का जड होतात, हे त्यांनी स्वतः कर्णधार म्हणून अनुभवले होते. त्यांची प्रशिक्षणाची सारी रीत या एका प्रश्नाचे उत्तर म्हणून वाचता येते, आणि पुढच्या पानांतला त्यांच्या कारकिर्दीचा आलेख याच सूत्राने बांधलेला आहे.

या आलेखाची सुरुवात पर्थमधून होते, पण त्याचे एक मूळ जबलपुरात आहे. एरिक, गॉर्डन, मेल, सेस आणि ज्युलियन हे पिअर्स बंधू जबलपूरच्या अँग्लो-इंडियन घरातले. जबलपूर त्या काळी मध्य प्रांतात होते आणि प्रांताची राजधानी होती नागपूर. भारताच्या स्वातंत्र्याच्या सुमारास हे कुटुंब पर्थला गेले आणि पाचही भाऊ ऑस्ट्रेलियाकडून हॉकी खेळले. त्यांच्यासारख्या अनेक अँग्लो-इंडियन कुटुंबांनी रेल्वे वसाहती, मिशनरी शाळा आणि छावण्यांतल्या मैदानांवर शिकलेली हॉकी हिंदी महासागरापलीकडे नेली. छोटे पास, मनगटाची लवचिकता, चेंडू स्टिकला चिकटल्यासारखा घेऊन धावणे ही त्या हॉकीची लक्षणे. १९६४ मध्ये टोकिओला ऑस्ट्रेलियाने हॉकीतले पहिले ऑलिंपिक पदक मिळवले. १९६८ मध्ये मेक्सिकोला त्यांनी भारताला उपांत्य सामन्यात हरवले, तेव्हा एरिक आणि ज्युलियन पिअर्स त्यांच्या संघात होते.

१९५२ मध्ये जन्मलेले चार्ल्सवर्थ वाढले ते या स्थलांतरितांनी रुजवलेल्या हॉकीच्या शहरात. या कौशल्याला ऑस्ट्रेलियाने आपली धाव, ताकद आणि पद्धतशीर सराव जोडला. मॉन्ट्रिअलला ऑलिंपिक हॉकी प्रथमच कृत्रिम मैदानावर खेळली गेली, आणि हा मिलाफ किती परिणामकारक आहे ते जगाने पाहिले. भारत त्या स्पर्धेत सातवा आला. तोवरच्या ऑलिंपिकमधली भारताची ती सर्वांत खालची जागा होती.

चार्ल्सवर्थ एकाच खेळाच्या चौकटीत मावणारे नव्हते. डावखुरे सलामीवीर म्हणून ते वेस्टर्न ऑस्ट्रेलियाच्या क्रिकेट संघात खेळले. ४७ प्रथम श्रेणी सामन्यांत त्यांच्या नावावर एक शतक आहे, आणि ज्या संघात डेनिस लिली, रॉड मार्श होते त्या संघात जागा टिकवणे ही साधी गोष्ट नव्हती. वैद्यकीय पदवी त्यांनी पर्थच्याच विद्यापीठातून घेतली. १९८३ मध्ये ते मजूर पक्षाचे उमेदवार म्हणून पर्थ मतदारसंघातून ऑस्ट्रेलियाच्या संसदेत निवडून गेले आणि पुढची दहा वर्षे खासदार राहिले. लॉस एंजेलिस आणि सोल ही दोन्ही ऑलिंपिक ते विद्यमान खासदार असताना खेळले! पर्थ ते कॅनबेरा हे अंतर तीन हजार किलोमीटरहून अधिक आहे. संसदेची अधिवेशने, मतदारसंघ, राष्ट्रीय संघाचा सराव हे सारे त्या अंतरावर तोलून धरताना वेळेच्या वापराबद्दल त्यांच्यात जी काटेकोर शिस्त आली, ती पुढे त्यांच्या सरावसत्रांत उतरली.

खेळाडू म्हणून त्यांना मोठे यश मिळालेच नाही असे समजणे चूक ठरेल. १९७८ मध्ये ब्युनॉस आयर्सला विश्वचषकात कांस्य मिळाले. त्यानंतरचा विश्वचषक १९८१ च्या अखेरीस आणि १९८२ च्या आरंभी मुंबईत झाला. पाकिस्तानने पश्चिम जर्मनीला अंतिम सामन्यात हरवले ती ही स्पर्धा, आणि इथेही चार्ल्सवर्थ यांच्या ऑस्ट्रेलियाला कांस्यच मिळाले. १९८६ मध्ये लंडनला मात्र इंग्लंडला त्यांच्याच देशात २-१ ने हरवून ऑस्ट्रेलियाने पहिल्यांदा विश्वचषक जिंकला. ३४ वर्षांचे चार्ल्सवर्थ स्पर्धेतले सर्वोत्तम खेळाडू ठरले. दोन वर्षांनी सोलला जवळपास तोच दर्जा असलेला संघ रिकाम्या हातांनी परतला. कौशल्य तेच, सराव तोच, निकाल मात्र वेगळा. हे का घडते, या प्रश्नाने त्यांना कायमचे पछाडले.

१९९३ मध्ये राजकारण सोडून त्यांनी महिला संघ हाती घेतला. हॉकीरूज या नावाने ओळखला जाणारा हा संघ १९८८ मध्ये ऑलिंपिक विजेता होता, पण १९९२ मध्ये बार्सिलोनाला पाचव्या क्रमांकावर घसरला होता. संघात गुणवत्ता होती. रिशेल हॉक्स, ॲलिसन ॲनन, जॅकी परेरा यांच्यासारख्या खेळाडू जगातल्या कोणत्याही संघात सहज बसल्या असत्या. चार्ल्सवर्थ यांनी पहिला हात घातला तो या मोठ्या नावांभोवती तयार झालेल्या उतरंडीला.

कायमचा एकच कर्णधार ही पद्धत त्यांनी मोडली. नेतृत्व अनेक खेळाडूंत वाटून दिले. त्यांचा युक्तिवाद सरळ होता. कर्णधाराकडे पाहून बाकीच्या दहा जणी निर्णय घ्यायचे टाळत असतील, तर दबावाच्या क्षणी संघाकडे विचार करणारे एकच डोके उरते. ते डोके थकले, गोंधळले किंवा दुखापतीने बाहेर गेले की संघ कोसळतो. मैदानावरच्या प्रत्येक खेळाडूने परिस्थिती वाचली पाहिजे, बोलले पाहिजे, जबाबदारी उचलली पाहिजे. तेव्हाच्या सत्तर मिनिटांच्या वेगवान खेळात प्रशिक्षक बाहेरून ओरडून फार काही बदलू शकत नाही, हे स्वतः कर्णधार राहिलेल्या माणसाला पक्के ठाऊक होते.

दुसरा बदल राखीव खेळाडूंच्या बाबतीत. नव्वदच्या दशकात हॉकीचे नियम बदलले. बाहेर गेलेला खेळाडू पुन्हा कितीही वेळा आत येऊ शकेल, अशी मुभा मिळाली. बऱ्याच संघांनी तिचा वापर थकलेल्या किंवा दुखावलेल्या खेळाडूला विश्रांती देण्यापुरता केला. चार्ल्सवर्थ यांनी त्यावर खेळाची आखणीच बेतली. आघाडीच्या आणि मधल्या फळीतल्या खेळाडूंना ठरावीक अवधीनंतर बाहेर काढायचे, ताज्या पायांना आत पाठवायचे आणि शेवटच्या मिनिटापर्यंत पहिल्या मिनिटाचा वेग राखायचा. मोठ्या नावाच्या खेळाडूला बाहेर बसवले तर तिचा अपमान होतो, ही समजूत मोडायला वेळ लागला. पण एकदा ती मोडली आणि मग राखीव ही कमीपणाची जागा उरली नाही. संघातल्या सगळ्याच जणी सामना जिंकून देणाऱ्या ठरल्या. पुढे ऑफसाइडचा नियम रद्द झाला, मैदान अधिक मोकळे झाले, धाव वाढली, आणि ही पद्धत आणखीच धारदार बनली.

तिसरी गोष्ट सरावाची. पर्थच्या राष्ट्रीय केंद्रात संघातल्या जागांसाठी सतत चुरस ठेवली जाई. सरावातले सामने खऱ्या सामन्यांहून कठीण असावेत, असा त्यांचा आग्रह होता. मुद्दाम कमी खेळाडूंनिशी खेळायला लावणे, पिछाडीवर आहोत असे धरून शेवटची मिनिटे खेळणे, थकल्यावर निर्णय घ्यायला लावणे असा हा सराव. धास्तावलेल्या खेळाडूला धीर द्यायचा आणि निर्धास्त झालेल्याला अस्वस्थ करायचे, अशी प्रशिक्षकाच्या कामाची त्यांची व्याख्या होती. जिंकत असलेल्या संघासोबत ते अधिक कठोर होत. मॉन्ट्रिअल आणि सोल यांचा धडा त्यामागे होता.

यातली प्रत्येक गोष्ट आज अनेक संघ करतात, म्हणून ती आता सामान्य वाटेल. तीस वर्षांपूर्वी ती तशी नव्हती.

निकाल लगेच दिसू लागले. १९९४ मध्ये डब्लिनला अर्जेंटिनाला २-० ने हरवून विश्वचषक. १९९६ मध्ये अटलांटाला दक्षिण कोरियाला ३-१ ने हरवून ऑलिंपिक सुवर्ण. त्या संघातली नोव्हा पेरिस ही ऑलिंपिक सुवर्णपदक जिंकणारी ऑस्ट्रेलियातली पहिली आदिवासी खेळाडू. पुढे ती धावण्याच्या शर्यतींकडे वळली आणि नंतर सिनेटमध्येही गेली. १९९८ मध्ये उट्रेख्टला यजमान नेदरलँड्सला त्यांच्याच प्रेक्षकांसमोर ३-२ ने हरवून दुसरा विश्वचषक.

खरी कसोटी २००० मध्ये सिडनीला होती. आपल्या देशातले ऑलिंपिक, गतविजेतेपद, सात वर्षांची घोडदौड आणि सुवर्णाखेरीज काहीही चालणार नाही अशी साऱ्या देशाची अपेक्षा. संभाव्य विजेत्याच्या डोक्यावर याहून मोठे ओझे असू शकत नाही. उद्घाटन सोहळ्यात खेळाडूंच्या वतीने शपथ घेण्याचा मान रिशेल हॉक्सला मिळाला, म्हणजे देशाचे डोळे या संघाकडे पहिल्या दिवसापासूनच लागलेले. अंतिम सामन्यात अर्जेंटिनावर ३-१ असा विजय मिळवून या मुलींनी ते ओझे पेलले. हॉक्सचे हे तिसरे ऑलिंपिक सुवर्ण होते. चार्ल्सवर्थ यांनी त्यानंतर संघ सोडला. अव्वल स्थानावर टिकण्याच्या प्रश्नावर त्यांनी पुस्तके लिहिली. त्यांतल्या एकात तर शेक्सपिअरच्या नाटकांतून प्रशिक्षकाला काय शिकता येईल याचा विचार आहे. नंतर त्यांनी न्यूझीलंडच्या क्रिकेटमध्येही काम केले.

मग आले भारतातले प्रकरण. भारतीय वाचकाने ते शांतपणे वाचावे. २००७ च्या अखेरीस भारतीय हॉकीच्या पुनर्बांधणीसाठी तांत्रिक सल्लागार म्हणून चार्ल्सवर्थ यांना आणण्यात आले. ज्या भारताने पर्थला हॉकी शिकवली, त्या भारताला पर्थचा माणूस काहीतरी परत देईल अशी ती संधी होती. त्याच सुमारास, मार्च २००८ मध्ये सँतियागोला ग्रेट ब्रिटनकडून २-० ने हरल्यामुळे भारतीय संघ बीजिंग ऑलिंपिकला मुकला. १९२८ पासून प्रथमच ऑलिंपिक हॉकीत भारत नव्हता. संघाचे प्रशिक्षक, मुंबईचे माजी ऑलिंपिक खेळाडू जोकिम कार्व्हालो यांनी राजीनामा दिला. काही आठवड्यांत हॉकी महासंघच निलंबित झाला. या धुमश्चक्रीत सल्लागाराला ना ठोस अधिकार मिळाले, ना साधने. जुलै २००८ मध्ये चार्ल्सवर्थ यांनी काम सोडले. नामांकित प्रशिक्षक आणला की संघ सुधारेल, हा समज तिथे उघडा पडला. हॉकीरूजच्या मागे पर्थचे केंद्र होते, वर्षभर एकत्र राहून सराव करण्याची सोय होती, निवडीत ढवळाढवळ न करणारी संघटना होती. या गोष्टींशिवाय त्यांची पद्धत उभी राहू शकत नव्हती.

ते मायदेशी परतले आणि ऑस्ट्रेलियाच्या पुरुष संघाचे प्रशिक्षक झाले. दोन वर्षांत नियतीने त्यांना पुन्हा दिल्लीत आणले. २०१० च्या विश्वचषकात मेजर ध्यानचंद स्टेडियमवर ऑस्ट्रेलियाने पहिलाच सामना इंग्लंडकडून ३-२ ने गमावला. त्यानंतर भारताला ५-२ ने हरवले, उपांत्य सामन्यात नेदरलँड्सला आणि अंतिम सामन्यात जर्मनीला २-१ असे नमवून विश्वचषक उचलला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, त्याच मैदानावर, राष्ट्रकुल स्पर्धेच्या अंतिम सामन्यात त्यांच्या संघाने भारतावर ८-० असा विजय मिळवला. ज्यांनी तो सामना पाहिला त्यांना तो आकडा विसरता येणार नाही. पण आकड्यापेक्षा लक्षात घेण्याजोगी होती ती ऑस्ट्रेलियाच्या खेळातली चढती गती. पाच-सहा गोलांची आघाडी असतानाही त्यांचा कुणीही खेळाडू थांबला नाही.

तरीही ऑलिंपिक सुवर्णाने पुरुष संघासोबत त्यांना हुलकावणीच दिली. २०१२ मध्ये लंडनला जेमी ड्वायर, मार्क नोल्स, एडी ओकेन्डन यांचा संघ पुन्हा संभाव्य विजेता होता, आणि पुन्हा उपांत्य सामन्यात, जर्मनीकडून ४-२ असा हरला. ग्रेट ब्रिटनला हरवून मिळवलेले कांस्य हे समाधान नव्हते. जी पद्धत महिला संघाला दोनदा सुवर्णापर्यंत घेऊन गेली, ती इथे का अपुरी पडली? हॉकीत एका वाईट दुपारच्या तडाख्यातून कुणीच पूर्ण सुटत नाही हे एक उत्तर आहे, पण तेवढ्यावर थांबता येणार नाही. लंडनच्या प्रकरणाला पुढे अधिक जागा दिली आहे ती यासाठी की, त्यांच्या रीतीच्या मर्यादाही तिथेच तपासता येतात. खेळाडूला सतत अस्वस्थ ठेवण्याची एक किंमत असते. आपली जागा कधीच पक्की नाही या जाणिवेने काही जण तावून सुलाखून निघतात, काही खचतात. त्यांच्या हाताखाली खेळणे सोपे नव्हते, आणि ते सोपे असावे असे त्यांनाही वाटत नव्हते.

२०१३ च्या हॉकी इंडिया लीगमध्ये ते मुंबई मॅजिशियन्सचे प्रशिक्षक होते. राजकीय तणावामुळे पाकिस्तानी खेळाडूंना स्पर्धा सुरू होताच मायदेशी परतावे लागले, त्याचा मोठा फटका या संघाला बसला आणि संघ तळाला राहिला. मुंबईतल्या या प्रकरणाची नोंद घेताना ते अपयश म्हणून मोजण्यापेक्षा एक गोष्ट पाहावी. काही आठवड्यांसाठी जमवलेल्या संघात त्यांच्या कामाची पद्धत रुजायला लागणारा काळ आणि स्थैर्य नसतेच.

२०१४ मध्ये हेगला विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात ऑस्ट्रेलियाने यजमान नेदरलँड्सला ६-१ असे हरवले. ख्रिस सिरिएलोने तीन गोल केले. त्यानंतर चार्ल्सवर्थ यांनी निवृत्ती घेतली आणि सूत्रे आपले सहायक ग्रॅहम रीड यांच्याकडे दिली. रीड हेही माजी खेळाडू, १९९२ च्या ऑलिंपिक रौप्यपदकाचे मानकरी. म्हणजे सुवर्णाच्या दारातून परतलेले आणखी एक.

चार्ल्सवर्थ यांच्यासोबत किंवा हाताखाली खेळलेल्यांची यादी केली की त्यांच्या प्रभावाचा विस्तार ध्यानात येतो. १९७६ च्या संघातले सहकारी बॅरी डान्सर यांनी ऑस्ट्रेलियाच्या पुरुषांना २००४ मध्ये अथेन्सला पहिले ऑलिंपिक सुवर्ण मिळवून दिले. त्यांच्या पिढीतले मायकेल नॉब्स आणि टेरी वॉल्श हे दोघे एकामागोमाग भारताचे प्रशिक्षक झाले. वॉल्श यांच्या काळात भारताने २०१४ मध्ये इंचिऑनला आशियाई सुवर्ण जिंकले. आणि २०१९ मध्ये ग्रॅहम रीड भारतात आले. २००८ मध्ये जे नव्हते, ते रीड यांना मिळाले. ओडिशा सरकारचे २०१८ पासूनचे प्रायोजकत्व, बंगळूरच्या साई केंद्रातली दीर्घ शिबिरे, महासाथीच्या काळातही एकत्र राहिलेला संघ. टोकिओत साखळीमध्ये ऑस्ट्रेलियाकडून ७-१ अशी हार झाल्यावर हा संघ विस्कटला नाही. कांस्यपदकाच्या सामन्यात जर्मनीविरुद्ध १-३ अशा पिछाडीवरून त्याने ५-४ असा विजय खेचून आणला आणि ४१ वर्षांनी भारताला हॉकीतले ऑलिंपिक पदक मिळाले.

तो दिवस होता ५ ऑगस्ट २०२१. त्याच दिवशी चार्ल्सवर्थ यांचे जुने सहकारी कॉलिन बॅच यांच्या मार्गदर्शनाखाली ऑस्ट्रेलियाच्या पुरुषांनी रौप्य घेतले, तेही अंतिम सामन्यात बेल्जियमकडून शूटआउटमध्ये हरून. दुसऱ्या दिवशी नेदरलँड्सच्या महिलांनी अर्जेंटिनाला ३-१ ने हरवून सुवर्ण जिंकले. त्यांच्या प्रशिक्षक होत्या ॲलिसन ॲनन, अटलांटा आणि सिडनीला चार्ल्सवर्थ यांच्या संघात खेळलेल्या. नेदरलँड्सचा हा संघ त्या स्पर्धेचा संभाव्य विजेता होता, आणि तो जिंकला.